खरं काम मुलांच्या हाती

आज संध्याकाळी कुकर लावायच्या आधी तांदळाची वाटी घरातल्या तिसरी-चौथीच्या मुलाच्या हाती द्या. घरात पाच माणसं जेवणार आहेत, दोघांना मिळून एक वाटी तांदूळ लागतो, तर आज किती घ्यायचा, एवढंच विचारा आणि थांबा. उत्तर लगेच येणार नाही. कुणी बोटं मोजेल, कुणी दोन-दोन माणसांच्या जोड्या लावेल आणि एक माणूस उरला म्हणून अडखळेल. त्या उरलेल्या माणसाला अर्धी वाटी पुरते हे उमगलं, की भागाकार, बाकी आणि अपूर्णांक तिन्ही त्याने एकाच वेळी वापरलेले असतात. मग पाणी. वाटीला दोन वाट्या पाणी, तर अडीच वाट्यांना किती? उद्या मामा-मामी येणार, सात माणसं झाली, तर?

प्राथमिक शाळेतल्या मुलांनी घरी काय करावं, असं पालक विचारतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा वही, वर्कशीट किंवा एखादं अ‍ॅप असतं. शाळा पाच-सहा तास चालते. त्यानंतर घरातही तीच शाळा पुन्हा भरवली तर मूल दमतं आणि आईबापही. घरी मुलाला विद्यार्थी करू नये, कामातला भागीदार करावं. काम खरं असावं, म्हणजे ते चुकलं तर भात खरोखर कमी पडेल असं. आणि ते करताना मुलाशी बोलावं, त्याचं ऐकावं, त्याच्या उत्तरासाठी थांबावं. एवढं सांभाळलं तर पुढे सुचवलेल्या गोष्टींतल्या निम्म्या केल्या नाहीत तरी चालेल.

महाग साहित्याची गरज नाही, हे आपल्याकडे फार पूर्वी सिद्ध झालं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं काम उभं केलं. माँटेसरींची पद्धत त्यांनी घेतली, पण तिचं महागडं साहित्य न घेता शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या वापरल्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणशाळा काढली, मुलं जिथे असतील तिथे शाळा गेली. तुमच्या घरातले डबे, धान्य, काड्या आणि बटणं ही त्याच परंपरेतली साधनं आहेत.

स्वयंपाकघर आणि बाजार

स्वयंपाकघरात रोजच्या रोज जेवढं गणित आणि विज्ञान घडतं तेवढं घरात दुसरीकडे कुठेच घडत नाही. पहिलीतल्या मुलीला वाटाणे सोलायला बसवा. शेंग उघडण्याआधी तिने आत किती दाणे असतील ते सांगायचं, मग उघडून मोजायचं. दहा-बारा शेंगांनंतर तिचा अंदाज सुधारलेला दिसेल, कारण ती आता शेंगेची लांबी आणि फुगवटा पाहू लागलेली असते. वाळलेले कपडे घड्या घालून ज्याचे त्याला देणं, मोज्यांच्या जोड्या लावणं, चमचे आणि डाव वेगवेगळे ठेवणं ही वर्गीकरणाची कामं आहेत. पाच-सहा वर्षांच्या मुलांना ती मनापासून आवडतात, अट एकच, ती त्यांच्यावर सोपवलेली असावीत.

मुगाला मोड आणणं हा तर संपूर्ण प्रयोग आहे. एक वाटी मूग मुलाने मोजून रात्री भिजत घालावेत. सकाळी पाणी काढून त्याच वाटीने पुन्हा मोजावेत. वाटी तीच, मूग तेच, मग दुसरी वाटी कशाने भरली? उत्तर तुम्ही सांगू नका. मग या भिजलेल्या मुगांपैकी बरेचसे ओल्या फडक्यात बांधावेत, थोडे वाटीत पाण्यातच बुडवून ठेवावेत आणि दुसऱ्या वाटीत काही कोरडे मूग ठेवावेत. उद्या काय दिसेल याबद्दल घरातल्या प्रत्येकाने आपलं मत द्यायचं आणि मुलाने ते कागदावर लिहायचं. दुसऱ्या दिवशी फडक्यातल्या मुगांना मोड आलेले असतील, कोरडे तसेच असतील. पाण्यात बुडालेल्यांना पुरेशी हवा मिळत नाही, त्यामुळे त्यांचे मोड खुरटतात आणि त्यांना वास येऊ लागतो. बीला रुजायला पाणीही लागतं आणि हवाही लागते, हे वाक्य मग मुलाला पाठ करावं लागत नाही. फडक्यातल्या मुगांची उसळ करा, म्हणजे प्रयोग वायाही जाणार नाही.

एक काळजी घ्या. विळी, सुरी आणि पेटलेली शेगडी यांच्याजवळचं काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करायचं. घरात दोन-तीन वर्षांचं भावंड असेल तर कडधान्य आणि बटणं त्याच्या हाती लागू देऊ नका. लहान मुलं दाणे नाकात घालतात.

बाजारात मात्र एक गोष्ट बदलली आहे आणि तिचा परिणाम मुलांच्या गणितावर होतो असं मला वाटतं. मोबाइलवरून पैसे द्यायची सवय झाल्यापासून मुलांना पैसे दिसेनासे झाले आहेत. नोट दिली, सुट्टे परत आले, ते मोजून घेतले, हा व्यवहारच त्यांच्या डोळ्यांसमोर घडत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी भाजी रोख पैशांनी घ्या आणि व्यवहार मुलाकडे द्या. शंभराची नोट, पाव किलो भेंडी वीस रुपयांना, अर्धा किलो टोमॅटो पंधराला, कोथिंबिरीची जुडी दहाला. परत किती यायला हवेत ते भाजीवाल्याने हिशेब सांगण्याआधी मुलाने मनाशी ठरवायचं. चौथीतल्या मुलाला पुढचं विचारा, पाव किलोचे वीस तर पाऊण किलोचे किती, दीड किलोचे किती?

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही मापं घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून आहेत. जुन्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकीचे पाढे पाठ केलेले असत. आजोबा किंवा आजींना ते आठवत असतील तर नातवंडांना म्हणून दाखवायला सांगा. पाठांतरासाठी नव्हे, तर पूर्णाच्या अलीकडे-पलीकडेही संख्या असतात हे मुलाच्या कानावर पडावं म्हणून. पुस्तकात अपूर्णांक येतील तेव्हा ते त्याला परके वाटणार नाहीत.

त्रेपन्न की पस्तीस

मराठीत शिकणाऱ्या मुलांची एक अडचण पालकांनी समजून घ्यायला हवी. आपण त्रेपन्न म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतो आणि पन्नास नंतर. लिहिताना मात्र पाच आधी लिहायचा आणि तीन नंतर. म्हणून दुसरीतली कितीतरी मुलं त्रेपन्न ऐकून ३५ लिहितात. एकोणसाठ तर त्याहून अवघड, कारण कानावर साठ पडतो आणि लिहायचे असतात ५९. मूल ६९ लिहून मोकळं होतं. हा धांदरटपणा नाही, ते आपल्या संख्यानामांतलं खरं वळण आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. वादात न पडता घरी दोन्ही वापरता येतं. ‘पन्नास आणि तीन, त्रेपन्न’ असं दोन्ही एकापाठोपाठ म्हणायचं. काही आठवड्यांनी पहिला भाग आपोआप गळून पडतो.

पण नुसतं म्हणून भागत नाही, संख्या हाताला लागली पाहिजे. खराट्याच्या हिरांचे बोटभर लांबीचे तुकडे करा, शंभरेक तरी. दहा-दहा तुकडे मोजून रबरबँडने गठ्ठे बांधायचं काम मुलाचं. आता तुम्ही म्हणायचं ‘त्रेपन्न’, त्याने पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मांडायच्या आणि मगच आकडा लिहायचा. एकोणसाठ म्हटलं की आधी सहा गठ्ठे मांडू द्या. मग त्यातली एक काडी कमी करायला सांगा. गठ्ठा सोडावा लागतो, नऊ काड्या सुट्या होतात, पाच गठ्ठे उरतात. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास सगळ्यांचं गुपित त्या एका काडीत आहे, आणि वजाबाकीत ‘हातचा’ घेणं म्हणजे काय तेही. वहीत हातचा घेताना चुकणाऱ्या मुलाकडून आठवडाभर गठ्ठे सोडवून घ्या, वही बाजूला ठेवा.

घरात सागरगोटे असतील तर बाहेर काढा, नसतील तर गुळगुळीत खडे चालतील. पाच सागरगोट्यांच्या खेळात एक वर उडतो आणि चार जमिनीवर राहतात. ते आधी एकेक उचलायचे, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. म्हणजे चार ही संख्या निरनिराळ्या तऱ्हांनी फोडलेली हाताखालून जाते. सात घेतले तर जमिनीवर सहा उरतात. दोन-दोनचे तीन डाव, तीन-तीनचे दोन, मग चार आणि दोन, पाच आणि एक. ‘तीन-तीनने उचलताना काही उरलं नाही, चारने उचलताना दोन उरले, असं का?’ एवढा प्रश्न खेळ संपल्यावर टाकायचा. खेळाच्या मध्ये नाही. मध्ये प्रश्न विचारला की खेळ मोडतो आणि मुलाच्या लक्षात येतं की हा खेळ नव्हता, अभ्यास होता. पालकांकडून ही गोष्ट फार वेळा सुटते.

पत्त्यांच्या जोडात एक्क्यापासून नवापर्यंतची पानं काढून ठेवा. प्रत्येकाने दोन पानं उचलायची आणि त्यांची मोठ्यात मोठी संख्या मांडायची. चार आणि सात आले तर ४७ की ७४? दोन-चार डावांत दशकाच्या जागी मोठा अंक ठेवायचा हे मुलाला कुणी न सांगता कळतं. चौथीसाठी तीन पानं, आणि एक नवी अट, पानं एकेक उचलायची आणि उचललं की लगेच जागा ठरवायची, नंतर बदलता येणार नाही. मग पहिल्या पानाला पाच आला तर तो शतकात ठेवावा की दशकात, यावर मोठी माणसंही डोकं खाजवतात. साप-शिडी खेळताना साप गिळेल तेव्हा किती घरं खाली आलो ते सांगायचं, सांगितलं तरच पुढचं दान.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडेही मुलाला न्या. एका वाराचे आकडे पाहायला सांगा, ३, १०, १७, २४, ३१. दर वेळी सातने वाढ. आज मंगळवार तर वीस दिवसांनी कुठला वार, हे बोटांवर न मोजता सांगता येतं का? दुधाचा हिशेबही तिथेच लिहायला द्या. रोज एक लिटर, पाहुणे आले त्या दिवशी दीड, गावी गेलो ते दोन दिवस काहीच नाही. महिनाअखेरीला दूधवाल्याचे पैसे मुलानेच काढावेत आणि तुमच्या हिशेबाशी ताडून पाहावेत.

वाचायला बसताना

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं ध्येय आहे. कारण चौथी-पाचवीपासून भूगोल, विज्ञान, गणितातली शाब्दिक उदाहरणं सगळं वाचूनच शिकायचं असतं. वाचन अडलं की सगळं अडतं. म्हणून घरात एकच गोष्ट नेमाने करायला जमणार असेल तर ती वाचन असू द्या. रोज पंधरा मिनिटं, शक्यतो ठरलेल्या वेळी.

पहिलं पाऊल म्हणजे मुलाला वाचून दाखवणं. मूल स्वतः वाचायला लागलं तरी हे थांबवू नका. त्याला वाचता येतं त्यापेक्षा अवघड गोष्ट ते ऐकून समजू शकतं, आणि नवे शब्द तिथूनच येतात. वाचताना मध्ये थांबून ‘आता पुढे काय होईल?’ असं विचारा. एकच पुस्तक मूल रोज मागत असेल तर रोज तेच वाचा. दहाव्या वेळी ते शब्दांवर बोट फिरवत तुमच्याआधी वाक्य म्हणू लागेल. आधी पाठ असलेलं म्हणेल, मग पाठ आहे ते छापलेल्याशी जुळवून पाहील. वाचनाकडे जायचा हा चांगला रस्ता आहे.

पुस्तकं कुठून आणायची? माधुरी पुरंदरे यांची ‘यश’ आणि ‘राधाचं घर’सारखी पुस्तकं लहान मुलांच्या रोजच्या जगातली आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची आणि प्रथम बुक्सची मराठी पुस्तकं स्वस्त असतात, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर तर पुष्कळ गोष्टी मोफत वाचता येतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ सालापासून निघतं आहे, तिसरीच्या पुढच्या मुलांना ते द्यावं. शाळेच्या कपाटात पुस्तकं कुलूपबंद असतील तर पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटावं आणि ती आठवड्याला घरी द्यायची विनंती करावी. फाटतील या भीतीने बंद ठेवलेलं पुस्तक कुणाच्याच उपयोगाचं नसतं. आणि पुस्तक नसलं तरी मजकूर असतोच. एसटीची पाटी, दुकानांचे फलक, लग्नपत्रिका, बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख, औषधाच्या बाटलीवरची सूचना.

मूल वाचत असताना आपण काय करतो, याला फार महत्त्व आहे. ते एखाद्या शब्दावर अडलं की आपण पटकन सांगून टाकतो किंवा ‘अरे, कालच तर सांगितलं होतं’ म्हणतो. दोन्ही टाळा. मनात पाचपर्यंत मोजा. पुष्कळदा तेवढ्या वेळात त्याला जमतं. नाही जमलं तर शब्द सांगून टाका आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचू द्या, कारण तुकड्यातुकड्यांनी वाचलेल्या वाक्याचा अर्थ हातातून निसटतो. पान संपल्यावर एखादा प्रश्न विचारा, पण ज्याचं उत्तर पुस्तकात जसंच्या तसं छापलेलं नाही असा. ‘राधाच्या जागी तू असतीस तर?’ असा.

जोडाक्षरांत मुलांना सर्वांत जास्त त्रास होतो तो र चा. प्रकाश, सूर्य, राष्ट्र, दऱ्या, या चारही शब्दांत तो वेगळ्या रूपात येतो. जुनं वर्तमानपत्र घ्या, एका मथळ्याखालची बातमी द्या आणि त्यात लपलेला प्रत्येक र लाल पेन्सिलीने शोधायला सांगा. एका दिवशी एकच रूप.

मूल कुठे आहे हे ताडून पाहायचं असेल तर परीक्षेची गरज नाही. प्रथम संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २००५ सालापासून घरोघरी जाऊन मुलांना अक्षरं, शब्द, चार ओळींचा सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला दिली जाते. तसंच घरी करा. आधीच्या इयत्तेचं मराठीचं पुस्तक घ्या, मुलाने न पाहिलेलं पान उघडा आणि वाचायला द्या. सहज वाचलं तर उत्तम. प्रत्येक ओळीत अडखळत असेल तर त्याच्याही आधीच्या इयत्तेचं पुस्तक काढा. बालभारतीची सगळी पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात. मागच्या इयत्तेचं पुस्तक वाचण्यात कमीपणा नाही, हे मुलाला आणि त्याच्या भावंडांना स्पष्ट सांगा. जिथे पाय टेकतो तिथून चालायला सुरुवात करायची.

लिहिण्याच्या बाबतीत एक उपाय मला सगळ्यांत उपयोगी वाटतो आणि तो फारच थोड्या घरांत होतो. मुलाने सांगायचं आणि तुम्ही लिहायचं. पहिलीतली मुलगी सांगते, ‘आमच्या मांजरीनं दूध सांडलं. मग ती पलंगाखाली गेली. आजीला हसू आलं.’ हे तिच्याच शब्दांत, मोठ्या अक्षरांत लिहा. पुस्तकी भाषेत बदलू नका. मग तिला बोट ठेवून वाचायला द्या. ती वाचेल, कारण शब्द तिचेच आहेत. दुसऱ्या दिवशी वाक्यांच्या पट्ट्या कापा, मिसळा आणि पुन्हा क्रमाने लावायला सांगा. तिसऱ्या दिवशी तिला त्यात एक वाक्य स्वतः घालू द्या. अशी दहा-बारा पानं जमली की दोऱ्याने शिवून तिचं पुस्तक करा आणि पाहुण्यांना वाचून दाखवायला सांगा.

मोठ्या मुलांना लिहिण्याचं खरं कारण द्या. किराण्याची यादी, गावाकडच्या आजीला पन्नास पैशांचं पोस्टकार्ड, आत्याला विचारून लिहून घेतलेली थालीपिठाची कृती, दारावर लावायची ‘बाळ झोपलंय, बेल वाजवू नका’ अशी चिठ्ठी. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील. त्या सगळ्या लाल शाईने दाखवल्या तर पुढच्या वेळी मूल फक्त येणारेच शब्द लिहील. एका मजकुरात एकच चूक निवडा, तीही मजकुराबद्दल बोलून झाल्यावर.

घरची भाषा कोणती आहे यावरून कमीपणा वाटून घेऊ नका. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, गोरमाटी, कोरकू, गोंडी, जी असेल तिच्यात गोष्टी सांगा. जी गोष्ट आपल्या भाषेत समजली ती शाळेच्या भाषेत सांगायला मूल लवकर शिकतं. जी कुठल्याच भाषेत समजली नाही ती नुसती घोकली जाते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या पालकांनाही हेच सांगेन. मोडक्या इंग्रजीत गप्पा मारण्यापेक्षा भरघोस मराठीत मारा, पाऊस का पडतो ते मराठीत नीट कळू द्या. इंग्रजी शब्द त्यावर बसायला वेळ लागत नाही.

आभाळाखाली

परिसर अभ्यासाचं पुस्तक मूल घोकत असेल तर त्याला बाहेर न्या. पावसाळ्यात एक सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा गच्चीवर किंवा अंगणात उघड्यावर ठेवा, झाडाखाली किंवा पागोळ्यांखाली नको. हवामान खातं रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजतं. मुलानेही त्याच वेळी पट्टी बुडवून पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये लिहावी, पाणी ओतून डबा पुन्हा ठेवावा आणि वर्तमानपत्रातल्या आपल्या गावच्या आकड्याशी ताडून पाहावं. एक दिवस दोन डबे ठेवा, एक रुंद आणि एक अरुंद, दोन्ही सरळ भिंतीचे. कुठल्यात पाणी जास्त उंच चढेल? जवळजवळ प्रत्येक मूल ठामपणे काहीतरी सांगतं. सकाळी दोन्हींत उंची सारखीच निघते. रुंद डब्यात पाणी जास्त पडतं, पण ते पसरायला जागाही तितकीच जास्त असते. हे ऐकवण्याआधी मुलाला दोन दिवस त्यावर विचार करू द्या, पुन्हा डबे ठेवायचे असतील तर ठेवू द्या.

संकष्टीच्या दिवशी दिनदर्शिकेत चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. ती मुलाने पाहावी, आणि त्या वेळी पूर्वेकडे चंद्र दिसतो का ते आपण बघावं. पुढचे तीन-चार दिवस तो केव्हा उगवतो याची नोंद करावी. रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर होत जातो. आजीच्या उपवासाचं वेळापत्रक आणि चंद्राचं फिरणं यांचा संबंध मूल स्वतः लावतं.

उन्हाळ्याच्या सुटीत शून्य सावलीचा दिवस गाठा. महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे इथे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये ढग असतात, म्हणून मे महिन्यातला दिवस धरायचा. कोल्हापुरात तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्यात १३-१४ मेला, मुंबईत १५-१६ मेला, नागपुरात २६ मेच्या सुमारास. दुपारी बारा वाजल्यापासून सपाट जमिनीवर सरळ भिंतीचा एक स्टीलचा पेला उभा ठेवा आणि दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. मुंबई-पुण्याकडे साडेबाराच्या आसपास, नागपूरकडे त्याआधीच, सावली पेल्याच्या बुडाखाली नाहीशी होते. नागपूरची मावशी आणि मुंबईचा भाचा यांनी फोनवर एकमेकांना आपापली तारीख सांगितली की तारखा वेगळ्या का, हा प्रश्न आपोआप निघतो. वर सूर्याकडे थेट पाहायचं नाही, हे मात्र आधी बजावा.

ज्यांना वाटतं की आपण फार शिकलेलो नाही, आपण काय शिकवणार, त्यांच्याशी थोडं बोलायचं आहे. गवंडीकाम करणाऱ्या वडिलांकडे ओळंबा असतो. भिंत सरळ आहे हे तो कसं सांगतो, ते मुलाला दाखवा आणि घरातल्या चार वस्तू ओळंब्याने तपासू द्या. शिवणकाम करणाऱ्या आईच्या टेपवर एका बाजूला इंच असतात, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. घरातल्या सगळ्यांची उंची दोन्हींत मोजून भिंतीवर खूण करायला सांगा. शेतकरी आईला कुठल्या पिकाला किती पाणी लागतं ते माहीत असतं, मुलाने तिची मुलाखत घेऊन लिहावी. तुम्हाला वाचता येत नसेल तर मुलाने वाचावं आणि तुम्ही ऐकावं. ‘मला कळलं नाही, पुन्हा सांग’ हे वाक्य ऐकून जितकं मूल सावरून नीट वाचतं, तितकं कुठल्याच सूचनेने वाचत नाही.

यातलं सगळं करायला कुणालाच जमणार नाही. रात्रपाळी असते, दोन बस बदलून घरी यायचं असतं. आठवड्याला एक नवी गोष्ट घ्या, रोज वीस मिनिटांहून जास्त नको, आणि मूल कंटाळण्याआधी थांबा. उत्तर चुकलं तर ‘चूक’ म्हणण्याआधी ‘तू कसं काढलंस?’ असं विचारा. शेजारच्या मुलाचं किंवा मोठ्या बहिणीचं नाव त्या वीस मिनिटांत काढू नका.

काही गोष्टी मात्र घरच्या उपक्रमांनी सुटणार नाहीत. मूल पुस्तक डोळ्यांजवळ धरत असेल, फळ्यावरचं उतरवताना नेहमी चुकत असेल, मागून हाक मारली तर ओ देत नसेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. तिसरीतही अक्षरं उलटसुलट होत असतील, ऐकून सगळं समजतं पण वाचताना काहीच जमत नाही अशी तफावत दिसत असेल, तर आळशी म्हणून रागावू नका. वर्गशिक्षकांना भेटा. भेटायला जाताना मुलाने स्वतः लिहिलेलं एक पान सोबत न्या, घरी कोणत्या पुस्तकापर्यंत ते सहज वाचतं ते सांगा, आणि पुढच्या महिन्यात वर्गात कोणता घटक येणार आहे ते विचारून या.